घोड्याचं खत आणि गावाची भीड

शनिवारी सकाळी दहाला नेदर ॲशकोमच्या व्हिलेज हॉलमागच्या छोट्या खोलीत आजारी पानं घेऊन माणसं येतात. फ्रीझर बॅगेत पिवळं पडलेलं काकडीचं पान, डब्यात किडका मुळा. एकदा तर एक आजोबा अख्खं गूजबेरीचं झुडूप मुळासकट उपटून घेऊन आले आणि वर विचारत होते, वाचेल ना हो? टेबलामागे चष्मा कपाळावर चढवून कल्याणीताई सोनकांबळे बसलेल्या असतात. समोर एक जुना मायक्रोस्कोप, एक भिंग आणि हमखास थंड होणारा चहा. त्यांचे यजमान प्रबुद्धराव या सगळ्या प्रकाराला 'पानांची ओपीडी' म्हणतात. फी नाही, अपॉइंटमेंट नाही, आणि औषधापेक्षा बोलणीच जास्त. "पाणी किती घालतेस? रोज? अगं, झाड आहे ते, बदक नव्हे!" असं ऐकून घेऊन लोक खुशीत घरी जातात.

हे गाव इंग्लंडातलं, बेसिंगस्टोकपासून बसने अर्ध्या तासावर, आणि बस दिवसातून चार. एक पब, एक चर्च, एक प्राथमिक शाळा, आणि माणसांपेक्षा घोडे जास्त. मी वाढवून सांगत नाहीये, मोजून घ्या. प्रबुद्धरावांची नोकरी बेसिंगस्टोकच्या आयटी पार्कात, म्हणून अकरा वर्षांपूर्वी ही दोघं लंडनमधलं एजवेअर सोडून इथे आली. तेव्हा एजवेअरच्या मैत्रिणींनी कल्याणीताईंना अगदी रडवेल्या चेहऱ्याने निरोप दिला होता. तिथे कोथिंबीर कुठे मिळणार गं तुला, म्हणत होत्या. आता त्याच मैत्रिणी स्टॅनमोरहून, एजवेअरहून गाड्या काढून येतात आणि पिशव्या भरभरून कोथिंबीर घेऊन जातात. कधी तरी एखादी जुडी विकत तरी घ्या म्हणावं!

मातीचं हे वेड कल्याणीताईंना वडिलांकडून आलं. दादासाहेब अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांच्या वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला, स्वतःची म्हणावी अशी कुंडीभर मातीही नव्हती. म्हणून क्वार्टर मिळाल्यावर दादासाहेबांनी पहिलं काय केलं, तर मागच्या दारी दोन वाफे काढून भेंडी लावली. शेजारपाजाऱ्यांना ते भेंडी वाटायचे आणि बी पण वाटायचे. ज्याला लावता येत नाही त्याच्या दारात जाऊन लावून द्यायचे. कल्याणी त्यांच्या मागे टिनचा डबा घेऊन पाणी घालत फिरायची. पुढे ती शिकली, इंग्लंडला आली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त तपासत बसली. रिटायर झाल्यावर लॅबवाल्यांनी जुना मायक्रोस्कोप भेट दिला. बाईंनी तो घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या नॉर्मनच्या टोमॅटोचं पान त्याखाली धरलं. "नॉर्मन, हा रोग नाही. कोळी आहेत. अगदी बारीक. ये, बघ." नॉर्मन शहात्तर वर्षांचा, अख्खा जन्म बागेत घालवलेला माणूस. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "ब्लडी हेल." ओपीडी तिथून सुरू झाली.

मग एकातून एक वाढत गेलं. कोणाकडे बियाणं जास्त, तर ते हॉलच्या कपाटात ठेवा. कोणाकडे ढकलगाडी नाही, तर सगळ्यांची मिळून हत्यारं एका शेडमध्ये, लागेल तसं न्या आणि धुऊन परत आणा. जुलैत कूर्जेट, म्हणजे झुकिनी, कोणाला नकोसे होतात, तर बसस्टॉपच्या बाकावर पेटी ठेवा, ज्याला हवे तो नेईल. यात कल्याणीताईंनी काही मोठी क्रांती केली असं मी म्हणत नाही. पण आधी या गावात प्रत्येक जण आपापल्या कुंपणाआड एकटाच चुकत होता, आता निदान सगळे मिळून चुकू लागले. आणि मिळून चुकण्यात मजा असते.

पण बाईंचा एक दोष आहे, तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. भीड. लॅबमध्ये असताना सॅम्पलवर नाव चुकीचं घातलं म्हणून मोठमोठ्या कन्सल्टंट डॉक्टरांना फोनवर झापणारी ही बाई. पण कोणी प्रेमाने काही देऊ केलं की हिची जीभ टाळ्याला चिकटते. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी गार्डन सेंटरमधून बुद्धमूर्ती आणून बागेतल्या मासे पकडणाऱ्या बुटक्याच्या पुतळ्याशेजारी ठेवली, आणि कौतुकाने हिलाच बोलावून दाखवली, "तुझ्यासाठी खास!" सकाळी उठून बुद्धवंदना म्हणणारी आमची बाई काय म्हणाली? "हाउ लव्हली." घरी येऊन तासभर धुसफुसली ती गोष्ट वेगळी.

आता खताचं. फेब्रुवारीत गावाबाहेरच्या तबेल्याचे मालक मिस्टर फेअरब्रदर यांचा निरोप आला, की घोड्यांचं उत्तम कुजलेलं खत ढीगभर पडलंय, तुमच्या बागवाल्यांना हवं का? आता ऐका. ओपीडीच्या भिंतीवर कल्याणीताईंच्याच हातचा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की बाहेरचं खत घेण्याआधी एक प्रश्न विचारा: घोड्यांनी खाल्लेल्या गवतावर तणनाशक मारलं होतं का? काही औषधं अशी चिवट, की गवतातून घोड्याच्या पोटात, पोटातून खतात, आणि खतातून थेट तुमच्या घेवड्यात. आणि खात्री नसेल तर कुंडीत थोडं खत घालून घेवडा पेरा, तीन-चार आठवडे वाट पाहा, पानं मुरडली तर खत परत. इतकं सोपं. शंभरदा सांगितलेलं.

तर ही शंभरदा सांगणारी बाई तबेल्यात गेली. फेअरब्रदर साहेबांनी दारातच हात हातात घेतला. आत नेऊन चहा दिला, लिंबाचा केक दिला, दुसरा तुकडा आग्रहाने दिला. पाच दिवसांचं शिंगरू दाखवलं. मग म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता, मी स्वतः ट्रेलर भरून तुमच्या एकोणीसही बागवाल्यांच्या घरी पोचवतो." पैसे? छे छे, भलतंच! आता अशा माणसाला विचारायचं, की अहो, तुमच्या घोड्यांनी काय खाल्लं? कल्याणीताईंनी तीनदा तोंड उघडलं. तिन्हीदा त्यात केकच गेला. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, बाई फुकटच्या खताला नावं ठेवते. घरी आल्यावर कुंडीत घेवडा पेरायचंही राहिलं, म्हणजे राहिलं नाही, पेरला नाही. एवढ्या चांगल्या माणसाच्या खताची टेस्ट कसली घ्यायची, म्हणाल्या. प्रबुद्धराव म्हणाले, "अगं, सॅम्पल देणारा पेशंट गोड बोलला की रिपोर्ट नॉर्मल लावायचीस का तू?" उत्तरादाखल त्यांना त्या रात्री वरण जरा कमी मिठाचं मिळालं.

मेच्या शेवटी कल्याणीताईंच्या वाफ्यातली मेथी मुरडायला लागली. पानं वाटीसारखी वळलेली, शेंडे आखडलेले. मग घेवडा तसाच. आधी वाटलं थंडी, मग वाटलं पाणी कमी, मग पाणी जास्त. लाजच वाटली. गावाला शिकवणारी बाई आणि हिचीच मेथी अशी! त्यांनी गुपचूप वाफ्यापुढे ऊन खायला म्हणून दोन खुर्च्या मांडल्या, आणि पाहुणे आले की त्यांना पुढच्या बागेतच गुलाब दाखवून परतवू लागल्या. एक गोष्ट मात्र झकास होती, मुळा. असा माजला होता की बघत राहावं.

जूनमध्ये ओपीडीची रांगही आटली. आले तरी लोक काय आणायचे, गुलाबाचं पान, पुदिन्याची काडी. "घेवडा कसा आहे?" विचारलं की "ओ, कान्ट कम्प्लेन!" कल्याणीताईंना वाटलं, वा, शिकले सगळे. नॉर्मनने तर आपल्या घेवड्याची अख्खी ओळ पांढऱ्या फ्लीसच्या कापडात गुंडाळून ठेवली होती. "थंडी वाजते त्यांना," म्हणाला. बाहेर सत्तावीस डिग्री! बाईंनी तेही ऐकून घेतलं. स्वतःच्या खुर्च्या आठवून गप्प बसल्या असतील, दुसरं काय.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी फाटकाशी नॉर्मन भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "हेदर शनिवारी हत्यारं परत करतेय, ऐकलंस ना? शेत सोडतेय."

कल्याणीताईंनी हातातली झारी खाली ठेवली.

हेदर म्हणजे या सगळ्या गोतावळ्यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं माणूस. पस्तिशीची, उंच, लाजरी. बारा वर्षं सुपरमार्केटच्या टिलवर बसून लोकांच्या भाज्या स्कॅन करत होती, आणि दर शनिवारी ओपीडीत येऊन वहीत लिहून घ्यायची. तिला स्वतः भाजी पिकवून गावात घरोघरी पेट्या पोचवायच्या होत्या. कोणी म्हणे वेडेपणा आहे. कल्याणीताई म्हणाल्या, "तू कर. तुझा हात चांगला आहे. मी आहे ना." त्यांच्या शब्दावर तिने नोकरी सोडली, चर्चमागचं अर्ध्या एकराचं शेत भाड्याने घेतलं, अकरा घरांनी पेटीसाठी नावं दिली. आणि खताचे सगळ्यात जास्त ट्रेलर गेले ते हेदरच्या शेतात.

"का सोडतेय?" कल्याणीताईंनी विचारलं.

"काही येत नाहीये म्हणे. जे लावते ते मरतं. म्हणते, माझ्या हातातच नाही. सोमवारी टिलवर परत जातेय." नॉर्मनने नाक खाजवलं. "वाईट वाटतं. चांगली पोरगी."

कल्याणीताई सपाता घालूनच चर्चमागे निघाल्या. हेदर नव्हती. फाटकातूनच दिसलं ते पुरे होतं. घेवड्याची पानं वाटीसारखी वळलेली, ओळीच्या ओळी. पॉलिटनेलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवाच्या, उघड्या दारातून टोमॅटो दिसत होते, पानांच्या जागी नुसते झिपरे. आणि त्याच मातीत, हातभर अंतरावर, कोबी आणि मुळे टवटवीत! अठ्ठावीस वर्षं स्लाइडवर स्लाइड ठेवून पाहिलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? घरची मेथी, घरचा मुळा, इथला घेवडा, इथला कोबी. कोबी-मुळ्याच्या कुळाला त्या औषधाचं फारसं काही वाटत नाही. मेथी, घेवडा, टोमॅटो मात्र लगेच आखडतात. फाटकाच्या लाकडाला धरून त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कल्याणी, गाढवे!"

परत येताना थेट नॉर्मनच्या बागेत घुसून त्यांनी फ्लीस ओढलं. खाली तेच. मुरडलेलं, आखडलेलं.

"नॉर्मन! कधीपासून?"

नॉर्मन बुटांकडे बघत म्हणाला, "महिना झाला असेल."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"वेल... तूच खत मिळवून दिलं होतंस. एवढी धडपड केलीस सगळ्यांसाठी. वी डिडन्ट लाइक टू से."

आम्हाला सांगावंसं वाटेना. आम्हाला! म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक, एकोणीस घरी घेवडा मुरडलेला, आणि एकोणीस घरं आपापली पानं लपवून "कान्ट कम्प्लेन" म्हणतायत, का तर कल्याणीला वाईट वाटेल. आणि हेदरला मात्र यातलं काही ठाऊक नाही, कारण तिला कोणी आपला घेवडा दाखवलाच नाही. सगळ्यांचं छान चाललंय, एक आपणच नालायक, अशा समजुतीने ती पोर बारा वर्षं काढलेल्या त्याच खुर्चीत परत जाऊन बसणार होती.

कल्याणीताईंनी हेदरला फोन लावला. व्हॉइसमेल आला. बीप वाजल्यावर त्या "हॅलो हेदर, डिअर" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. भीड बघा कशी असते, चूक कबूल करायलाही आडवी येते. मग स्टॅनमोरला मुलीला, मृणालला, फोन लावला. मृणाल इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं.

"आई, सिंपल आहे. तू का नाही विचारला त्याला?"

"अगं, त्यांनी केक दिला होता."

"केक?" मृणाल ओरडलीच. "आई, तू सायंटिस्ट आहेस!"

"होते."

"नो, आहेस. उद्या जा. आधी विचार, मग केक खा."

शुक्रवारी सकाळी त्या तबेल्यात गेल्या. फेअरब्रदर साहेबांनी दार उघडताच, आत यायच्याही आधी, पायरीवरच उभं राहून त्यांनी विचारलं. आवाज जरा चढलाच होता. "मागच्या हिवाळ्यात घोड्यांनी कोणतं गवत खाल्लं? त्यावर काही मारलं होतं का?"

फेअरब्रदर गोंधळले. म्हणाले, घरचं गवत कमी पडलं म्हणून मित्राकडून पेंढ्या घेतल्या होत्या. तिथल्या तिथे त्या मित्राला फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा पडत गेला. हो, काटेरी तण माजलं होतं म्हणून कुरणावर औषध मारलं होतं. मारलेल्या गवताचं खत बागेला द्यायचं नाही असं डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते सांगायचं राहिलं.

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?" कल्याणीताई म्हणाल्या.

"जुना मित्र आहे हो. बरं नाही दिसत विचारायला." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि तुम्ही मला?"

मग दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता कल्याणीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. खत मी स्वतः उचलून नेईन, फेअरब्रदर म्हणाले. आपल्यामुळे कोणाचं शेत सुटतंय हे ऐकल्यावर तर ते बिचारे ओशाळून अर्धे झाले.

शनिवार उजाडला. सकाळी प्रबुद्धराव म्हणाले, "मी येऊ का?" बाई म्हणाल्या, "नको. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघत बसेन." आणि मुरडलेल्या मेथीचा अख्खा वाफा खणून, एका ट्रेमध्ये घालून, गावच्या रस्त्याने कोणी बघो न बघो, छातीशी धरून हॉलवर गेल्या.

खोलीत दहा-बारा जण होते. ट्रे टेबलाखाली ठेवून त्यांनी ठरवलं, हेदर आली की बोलायचं. हेदर आली. दारात ढकलगाडी, तिच्यात फावडी, दाताळं, गुंडाळलेला पाइप, सगळं धुऊन पुसून लख्ख. बाईंना पुन्हा भीड आडवी आली. त्यांनी एका बाईचं ब्लॅककरंटच्या झुडपाचं पान पाहिलं. दुसऱ्याची गोगलगाय पाहिली. गोगलगाय काय बघायची असते, गोगलगायच ती! तरी पाहिली, भिंगातून.

शेवटी हेदरच पुढे आली. तिने पत्रकात आपल्या नावासमोर हत्यारं परत केल्याची खूण केली आणि हळूच म्हणाली, "कल्याणी, थँक यू. तू माझ्याशी फार चांगली वागलीस. चूक तुझी नाही. तू सगळं नीट शिकवलंस, मीच युसलेस आहे."

तो शब्द कल्याणीताईंना सहनच झाला नाही. ट्रे उचलून त्यांनी टेबलावर असा आपटला की मायक्रोस्कोप हलला.

"ही माझी मेथी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी बघा. मेली आहे. महिनाभर मी खुर्च्यांमागे लपवून ठेवली होती. हेदर, तू युसलेस नाहीस. खत खराब होतं. घोड्यांच्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं. आणि ते विचारायचं काम माझं होतं, हा भिंतीवरचा कागद माझा आहे, आणि मी विचारलं नाही. तबेल्यात जाऊन केक खाल्ला आणि भिडेपोटी गप्प बसले. तुझं शेत तू नाही मारलंस. मी मारलं. मला फार वाईट वाटतंय, हेदर. फार."

मग मागून नॉर्मन खाकरला. "माझाही घेवडा गेला," तो म्हणाला. "सगळा."

"माझे वाटाणे," कोणी तरी म्हणालं.

"आमचे टोमॅटो फर्नसारखे दिसतात."

"माझे बटाटे! मला वाटलं मांजर!"

मग जी काय गर्दी उसळली! ज्याने त्याने फोन काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं. हेदर मात्र हलली नाही. ती त्या फोटोंकडे एकामागून एक बघत होती. सगळीकडे तीच पानं, तिच्याच शेतातल्यासारखी. बघता बघता ढकलगाडीच्या कडेवर बसली.

"म्हणजे मी नव्हते?" ती म्हणाली.

"नव्हतीस गं," कल्याणीताई मराठीतच म्हणाल्या.

हेदर रडायला लागली, मग हसायला, मग एकदम उठली आणि तिचा चेहरा लाल झाला. "तीन आठवडे!" ती ओरडली. ही पोर ओरडू शकते हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. "तीन आठवडे मी रोज घरी जाऊन रडतेय! आईला सांगितलं, मला जमत नाही! अकरा घरी जाऊन सॉरी म्हणाले! आणि तुम्ही सगळे... नॉर्मन, तू मला पबमध्ये भेटलास आणि म्हणालास घेवडा छान आहे! छान? आणि कल्याणी, तू! तू तर सगळ्यांना झापतेस! मला का नाही झापलंस, माझं शेत बघायला का नाही आलीस?"

कल्याणीताई मान खाली घालून सगळं ऐकत होत्या. ऐकण्यासारखंच होतं. खरं सांगायचं तर तेवढ्यातही त्यांना हायसं वाटत होतं, कारण जी माणसं शेत सोडून जातात ती असं ओरडत नाहीत.

"आता काय करायचं ते सांग," हेदर शेवटी म्हणाली. "रडून झालं माझं."

मग बाई पुन्हा बाई झाल्या. वरवरचं खत जेवढं निघेल तेवढं काढायचं, फेअरब्रदर घेऊन जातील. उरलेली माती पुन्हा पुन्हा खणायची, हवा लागली की औषध हळूहळू विरतं. ते खत कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, कोणाला द्यायचंही नाही. आणि तोवर त्या औषधाला न जुमानणाऱ्या भाज्या लावायच्या. जुलै म्हणजे मुळ्याचा महिना. केल, कोबी, मोहरी. "अकरा पेट्यांत कोबी आणि मुळा?" हेदरने विचारलं. "मुळ्याचं काय करतात ते मी सांगेन सगळ्यांना," कल्याणीताई म्हणाल्या. खोलीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण त्या दिवशी कोणी ब्र काढला नाही.

सोमवारी सकाळी हेदरने टिलवर फोन करून येत नाही म्हणून कळवलं. सातच्या सुमाराला चर्चमागच्या शेतात चौदा माणसं फावडी घेऊन हजर होती. फेअरब्रदर ट्रॅक्टर घेऊन आले. प्रबुद्धरावांनी रजा काढली होती आणि तासाभरातच कंबर धरली होती. नॉर्मन सगळ्यांना कसं खणायचं ते शिकवत होता, स्वतः न खणता. आणि हेदर, ती लाजरी हेदर, शेताच्या मध्ये उभी राहून हुकूम सोडत होती, इथून, तिथून नको, अहो ते कोबी तुडवू नका! कल्याणीताईंनाही दोनदा रागावली. त्या निमूट सरकल्या.

दहाच्या सुमाराला सगळे खणत खणत पॉलिटनेलच्या मागे पोचले. तिथे कुंपणाला लागून घेवड्याची आणखी एक ओळ होती. फाटकातून ती दिसत नसे. कल्याणीताई फावडं घेऊन तिकडे वळल्या आणि थांबल्या. काठ्यांवर पुरुषभर उंच वेल चढलेले होते. पानं तळहातासारखी सपाट, रुंद, हिरवीगार, आणि वर लाल फुलांचे घोस.

"हेदर! हे काय?"

हेदर धावत आली. "ती ओळ? तिथपर्यंत खत पुरलं नाही. शेवटचा ट्रेलर संपला होता. वाटलं, बिनखताची जगते का बघू. जगली, म्हटलं नशीब."

"आणि बाकी सगळं?"

"बाकी सगळं तेच. तेच बी, त्याच दिवशी लावलं, तेवढंच पाणी." बोलता बोलता ती थांबली.

लॅबमध्ये प्रत्येक टेस्टसोबत असं एक सॅम्पल ठेवतात, ज्यात काहीच मिसळलेलं नसतं. त्याच्याकडे पाहून बाकीच्यांचा निकाल लावायचा. हेदरच्या कामाचा निकाल तिथे कुंपणापाशी महिनाभर उभा होता, आणि ती त्याला नशीब समजत होती.

हेदर त्या ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. प्रत्येक काठीपाशी थांबून वेल वर सारत होती. परत आली तेव्हा तिचे मातीने भरलेले हात ती दोन्हीकडून उलटेपालटे करून बघत होती.

"मला येतं," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. "कल्याणी, मला येतं हे."

कल्याणीताईंनी डोळे पुसले आणि सवयीने एक लोंबणारा वेल काठीला बांधायला हात पुढे केला.

"नको," हेदर म्हणाली. "ही ओळ माझी आहे. तू तिकडे खण."

आणि कल्याणीताई फावडं उचलून तिकडे खणायला गेल्या.